दरडीचें दायित्व

‘दरड कोसळली’ असें आपण म्हणतों, तेव्हां त्या वाक्यांत दरड ही कर्त्याच्या जागीं असते. ‘डोंगर पोखरला’ असें म्हटलें, म्हणजे तोच डोंगर कर्माच्या जागीं जातो आणि कर्ता मात्र अध्याहृत राहतो. पावसाळ्यांत कोंकणांतून येणाऱ्या बातम्या बहुधा पहिल्या वाक्यानें सांगितल्या जातात. दुसरें वाक्य मागाहून, चौकशीच्या वेळीं, आणि तेंहि दबलेल्या आवाजांत उच्चारलें जातें. ही केवळ व्याकरणाची गोष्ट नव्हे. मनुष्यावर आलेलें संकट हें दैव समजावें कीं दोष समजावा, या फार जुन्या प्रश्नाचें उत्तर या दोन वाक्यांपैकीं एकाची निवड करून आपण नकळत देऊन टाकीत असतों. तें विचारपूर्वक द्यावयाचें असेल, तर प्रथम ज्याच्यावर आरोप आहे त्या डोंगराचीच साक्ष घेतली पाहिजे.

नवी मुंबईच्या पूर्व अंगास, मुंब्र्यापासून बेलापुरापर्यंत, ठाण्याच्या खाडीस जवळजवळ समांतर असा पारसिकचा डोंगर गेला आहे. त्याचा खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरले, निवाले आणि त्यांचे थर झाले. सह्याद्रीचे कडे पायऱ्यांसारखे दिसतात ते या थरांमुळेंच. हातोड्यास सहसा न जुमानणारा हा दगड पाहून डोंगर अखंड असल्याचा भास होतो. परंतु लाव्हा निवतांना आकुंचन पावतो आणि त्यास जागोजाग भेगा पडतात; दोन लोटांच्या मध्यें पुष्कळ ठिकाणीं तांबड्या मातीचा मऊ थर सांपडतो; आणि पृष्ठभागाचा दगड उन्हापावसानें कुजून त्याचा मुरूम होतो. शिवाय पनवेलच्या आसपास कोंकणपट्टीवर हे थर आडवे न राहतां पश्चिमेस, म्हणजे समुद्राच्या बाजूस, कललेले आहेत. भूशास्त्रज्ञांनीं या वांकास पनवेलचेंच नांव दिलें आहे. जेथें थरांचा उतार आणि डोंगराचा उतार एकाच दिशेस असतो, तेथें वरचा थर कललेल्या फळीवरील ओझ्याप्रमाणें खालच्या थरावर टेकलेला असतो. आणि पायथा कापला कीं त्या ओझ्याचा अडसर निघून जातो.

म्हणजे कड्याचें उभें राहणें हा एक सततचा तोल आहे. गुरुत्वाकर्षण त्यास अहोरात्र खालीं ओढीत असतें. कणाकणांमधील घर्षण आणि चिकटपणा त्यास धरून ठेवीत असतात. या झटापटींत पाणी निर्णायक ठरतें. पावसाचें पाणी मुरुमांत मुरतें, खालच्या घट्ट खडकावर अडतें, आणि कणांच्या मधल्या पोकळ्या भरल्या म्हणजे आपल्या दाबानें त्या कणांना एकमेकांपासून दूर सारतें. एकीकडे ओझें वाढतें आणि दुसरीकडे पकड सुटते. झाडांचीं मुळें ही पकड कांहीं अंशीं राखतात. पायथ्याचा दगड ती राखतो. पाण्यास वाहून जाण्यास मिळालेली मोकळी वाट ती राखते. मनुष्य उतारावर जें जें करतो, तें बहुधा या तिहींपैकीं कशास तरी हात घालूनच करतो.

१९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन झाली, आणि पुढल्या अर्धशतकांत आगरी-कोळ्यांच्या गांवांभोवतीं, भातशेती आणि मिठागरें यांच्या जागीं, एक महानगर उभें राहिलें. शहर म्हटलें कीं खडी आली. ती पारसिकच्या अंगावरील खाणींनीं पुरविली. उतार फोडून जेथें सरळसोट भिंती उरल्या, तेथें त्यांच्या पायथ्याशीं झोपड्या आल्या. आणि बेलापुरास त्याच डोंगराच्या अंगावर, खाडीचा देखावा दिसतो म्हणून, बंगलेहि आले. उलव्यास तर विमानतळासाठीं सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सुरुंगांनीं उडवून सपाट करण्यांत आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यांत आला, आणि दहा गांवांना आपलें ठिकाण सोडावें लागलें. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्या विमानतळाचें उद्घाटन झालें. ऊन, वारा आणि पाऊस यांना ज्या कामास लक्षावधि वर्षें लागलीं असतीं, तें मनुष्यानें थोड्या वर्षांत उरकलें. डोंगर हलविण्याइतकें सामर्थ्य ज्यास आलें, त्यास डोंगर पडल्यावर ‘ही निसर्गाची लीला’ असें म्हणण्याचा अधिकार कितपत उरतो?

हा प्रश्न नवा नाहीं. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं लिस्बन शहर भूकंपानें उद्ध्वस्त झालें. जगांत जें आहे तें सर्व ठीकच आहे असें म्हणणाऱ्या तत्त्ववेत्त्यांस व्हॉल्टेअरनें त्या संहारावर काव्य लिहून जाब विचारला. पुढच्या वर्षीं रूसोनें त्यास पत्र लिहिलें आणि त्यांत निराळाच मुद्दा काढला: सहा-सात मजल्यांचीं हजारों घरें एका जागीं कांहीं निसर्गानें बांधलीं नव्हतीं, लोक विखरून आणि हलक्या घरांत राहिले असते, तर हानि पुष्कळ कमी झाली असती. आपल्याकडे १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भूकंप झाला, तेव्हां तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे असें गांधीजींनीं म्हटलें, आणि रवींद्रनाथांनीं त्यास जाहीर हरकत घेतली. भौतिक घटनांचें कारण भौतिक घटनांतच शोधलें पाहिजे. नीतीचे नियम आणि सृष्टीचे नियम यांची अशी सांगड घातली तर लोकांच्या मनांतील अंधश्रद्धेसच बळ मिळतें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

या वादांत रवींद्रनाथांचा पक्ष बुद्धीस पटतो. पापी तेवढे शोधून काढून पुण्यवंतांस वगळणारी दरड अद्याप कोणी पाहिली नाहीं. उलट ज्यांच्यावर समाजानें आधींच अन्याय केला, त्यांच्याच घरांवर ती बहुधा येते. परंतु रवींद्रनाथांचें तत्त्व मान्य केलें म्हणून मनुष्य निर्दोष सुटतो, असें मात्र नाहीं. भौतिक कारणांची सांखळी शेवटपर्यंत तपासावयाची, तर भूकंपाच्या बाबतींत ती आपल्या आवांक्याबाहेर, खोल भूगर्भांत जाते. कापलेल्या कड्याच्या बाबतींत ती थोडी मागें जाऊन एखाद्या परवान्यावरील सहीपाशीं थांबते. तेथें नीतीस बाहेरून आणून बसवावें लागत नाहीं. ती कारणपरंपरेंतच सांपडते. रूसोचा मुद्दा लिस्बनपेक्षां अशा कड्यास अधिक लागू आहे, कारण लिस्बनकरांनीं घरें बांधलीं होतीं, भूकंप घडविला नव्हता. येथें उतारहि आपणच घडविला आणि त्याखालीं वस्तीहि आपणच होऊं दिली.

पण प्रत्येक दरडीच्या मागें अशी सही असतेच असें नाहीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं नवी मुंबईच्या शेजारच्या खालापूर तालुक्यांत, इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडीवर डोंगर आला. तीन दिवसांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. गाडीरस्ता नसलेल्या त्या ठाकरवाडीपर्यंत बचावपथकें अंधारांत पायीं चढून गेलीं. २७ प्रेतें हातीं लागलीं. ५७ माणसें बेपत्ता ठरवून २३ जुलै रोजीं शोध थांबविण्यांत आला. दरडप्रवण गांवांच्या यादींत त्या वाडीचें नांव नव्हतें, असें सरकारनेंच विधिमंडळांत सांगितलें. तर मग हें तरी निव्वळ दैव म्हणावें काय?

एका वाडीपुरतें पाहिलें तर तसें म्हणतां येईल. परंतु ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गाडलें जाऊन दीडशेंच्या वर माणसें गेलीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गाडलें जाऊन ऐंशींच्या वर गेलीं. महिना तोच, पाषाण तोच, आणि उताराच्या कुशींतील वस्तीहि तशीच. एक घटना अकल्पित असूं शकते. घटनांची ओळ अकल्पित राहत नाहीं. पश्चिम घाटाची नाजूक अवस्था आणि तेथील खाणींस आळा घालण्याची गरज माधव गाडगीळ यांच्या समितीनें २०११ सालींच अहवालांत मांडली होती. कोणत्या रात्रीं कोणता कडा येईल हें शास्त्रास नेमकें सांगतां येत नाहीं, हें खरें. पण ‘केव्हां’ हें ठाऊक नसल्यामुळें ‘कोठें’ हें ठाऊक करून घेण्याचें कर्तव्य टळत नाहीं. यादींत नांव नव्हतें याचा अर्थ यादी करणाऱ्यांची दृष्टि तेथवर पोंचली नव्हती, एवढाच होतो. आणि जेथें रस्ता पोंचला नाहीं तेथेंच दृष्टीहि पोंचूं नये, यास योगायोग म्हणणें कठीण आहे.

या प्रश्नाचा गाभा मला येथें दिसतो. पूर्वीं खाडीकांठचा गांवकरी घरासाठीं जागा निवडी, तेव्हां जाणणारा, लाभ घेणारा आणि भोगणारा हे तिघे एकच होते. जागा चुकली तर त्याचेंच नुकसान होई. सावधगिरी न बाळगणारा मूर्ख ठरे, अपराधी ठरत नसे. आज हे तिघे निराळे झाले आहेत. थरांचा कल आणि पाण्याचा दाब ज्यास कळतो, तो कचेरींत बसलेला असतो. डोंगराचा दगड ज्याच्या भिंतींत गेला, तो पक्क्या इमारतींत निजलेला असतो. आणि कडा ज्याच्या अंगावर यावयाचा, तो त्या कड्याखालीं राहतो. जाणणें, उपभोगणें आणि सोसणें यांची अशी फारकत झाली, कीं जो प्रश्न पूर्वीं शहाणपणाचा होता तो न्यायाचा होतो. दैव आणि दोष यांच्यामधील रेषा एकदांच कायमची आंखलेली नाहीं. ज्ञान जसजसें पुढें जातें तसतशी ती सरकते, आणि काल ज्यास दैव म्हणणें रास्त होतें त्यास आज तसें म्हणणें रास्त राहत नाहीं. या अर्थानें ज्ञान हें ऋण आहे. तें ज्याच्यापाशीं असेल त्याच्या नांवावर चढतें.

यावर कोणी म्हणेल कीं, कड्याखालचे लोक आपल्या खुषीनें तेथें राहतात. पावसाळ्यापूर्वीं त्यांस स्थलांतराच्या नोटिसा मिळतात. ते ऐकत नाहींत, त्यास कोण काय करणार? परंतु खुषी म्हणावयाची तर निवडीस दोन बाजू असाव्या लागतात. कामाच्या जवळ दुसरी जागा ज्यास परवडतच नाहीं, त्यानें धोका पत्करला असें म्हणण्यापेक्षां धोका हेंच त्याचें भाडें आहे असें म्हणणें अधिक खरें होईल. नोटिशीनें कडा तसूभरहि सावरत नाहीं. निवारा न देतां दिलेली नोटीस धोका जागच्या जागीं ठेवते आणि दोष तेवढा हलविते. कालपर्यंत जो कचेरीच्या माथीं होता, तो आजपासून झोपडीच्या माथीं बसतो. इशारा हें कर्तव्याचें पहिलें पाऊल आहे. तेंच शेवटचें मानलें, म्हणजे त्याची पळवाट होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दगडावांचून शहर नाहीं, सपाट जमिनीवांचून विमानतळ नाहीं. डोंगरास हातच लावूं नये असें म्हणणाऱ्यानें आपल्या घराच्या भिंतींकडे एकदां पाहावें. हें मान्य केलें पाहिजे. तथापि डोंगर फोडावयाचा तर त्याचा हिशेब तरी पुरा मांडावा. कापलेला उतार पायऱ्यापायऱ्यांनीं सोडणें, माथ्यावरचें पाणी चर काढून बाजूस नेणें, पायथ्याशीं मोकळी पट्टी राखणें, काम संपलेल्या खाणीची भिंत तशीच उभी न टाकणें, या गोष्टी शास्त्रास ठाऊक आहेत. त्यांस पैसा लागतो, इतकेंच. तो खडीच्या किंमतींत धरला नाहीं म्हणून खडी स्वस्त मिळते. राहिलेली किंमत पुढें एखाद्या आषाढांत असा मनुष्य भरतो, कीं ज्यानें ती खडी कधीं विकतहि घेतली नव्हती. इरशाळवाडीच्या वांचलेल्या कुटुंबांसाठीं सिडकोनें चौक गांवाजवळ पक्कीं घरें बांधलीं, हें चांगलें झालें. पण जी जमीन आणि जो पैसा दुर्घटनेनंतर मिळाला, तो आधीं मिळणें अशक्य होतें असें कोण म्हणेल?

म्हणून दरडीचा विचार जुलै महिन्यावर सोपवून चालणार नाहीं. त्या महिन्यांत हात माणसें वांचविण्यांत गुंतलेले असतात, आणि शोकाच्या भरांत दिलेलीं आश्वासनें पाण्याबरोबरच ओसरतात. पाऊस सरल्यावर मार्गशीर्ष-पौषांत डोंगर कोरडा असतो, गवत वाळून भेगा उघड्या पडतात, आणि उताराचा खरा आकार डोळ्यांस दिसतो. या उतारावर कोण राहतें, तो कोणी कापला, आणि त्यापासून कोणास काय मिळालें, हे तीन प्रश्न त्या दिवसांत महानगरपालिकेस व शासनास विचारले गेले पाहिजेत. कड्याखालच्या माणसापाशीं त्यासाठीं ना फुरसत असते ना वजन. ज्या घरांत अहवाल वाचतां येतो, नकाशा मागतां येतो आणि अर्जाचा पाठपुरावा करतां येतो, त्या घरांवर हें काम येऊन पडतें. मग तीं घरें कड्यापासून कितीहि दूर असोत. एवढें सर्व करूनहि एखादा कडा येईलच, कारण सृष्टीचा सगळा व्यवहार आपल्या हातीं नाहीं. पण त्या दिवशीं ‘दरड कोसळली’ असें आपण म्हणूं, तेव्हां तें वाक्य खरें असेल.