कौत्साची दक्षिणा

कालिदासाच्या 'रघुवंशा'त वरतंतू ऋषी शिष्य कौत्साची निष्ठेची सेवा हीच दक्षिणा मानतात. कौत्स मात्र आणखी काही देण्याचा हट्ट सोडत नाही. चिडलेले गुरू मग 14 विद्यांचे 14 कोटी मागतात! दसऱ्याला आपट्याची पानं वाटताना हीच कथा महाराष्ट्रात सांगतात. गुरूंचा तो पहिला नकार मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे.

देणं नेमकं कुणाच्या समाधानासाठी असतं?

5 सप्टेंबरला, शिक्षक दिनी, स्टाफरूमच्या टेबलावर चकचकीत प्लास्टिकमधले गुच्छ, पेनांचे संच, एकसारखे कॉफी-मग साचतात. गुच्छ दोन दिवसांत कचऱ्यात जातात. त्यापेक्षा पालकांनी चार ओळींचं पत्र लिहावं: भागाकाराला घाबरणारी आमची मुलगी आता धाकट्या भावाला तो शिकवते. जमल्यास काही पालकांनी मिळून शिक्षकांनी सुचवलेलं पुस्तक वर्गाच्या वाचनपेटीत ठेवावं. पुढच्या तुकडीलाही ते वाचता येईल.