दत्तकाची पहिली कसोटी

दत्तक घेऊं इच्छिणारें एक सुशिक्षित दांपत्य मध्यंतरीं मजकडे आलें. रीतसर नोंदणी करून त्यांना बराच काळ लोटला होता. इतक्यांत एक मध्यस्थ महिनाभरांत परस्पर तान्हें मूल देऊं करीत होता. "सर, अडचण काय आहे?" असें त्यांनीं विचारिलें.

कायद्याची अडचण उघड आहे. विक्रीचें मूल दत्तक ठरत नाहीं. परंतु मला नीतीची अडचण अधिक वाटते. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें मूल स्वाधीन करणाऱ्या मातेस फेरविचारासाठीं दोन महिने दिले आहेत. त्या अवधींत तिला बाळ परत नेण्याची वाट खरोखर मोकळी ठेविते, तीच संस्था विश्वासास पात्र. मध्यस्थाची त्वरा या दोन महिन्यांच्या चोरींतून येते.

वाट पाहणाऱ्यांचें दुःख खोटें नव्हे. पण मूल मोठें होऊन विचारील, 'माझ्या आईला पुरता विचार करूं दिला होता ना?' तेव्हां काय सांगावयाचें?

फुले दांपत्यानें १८६३ सालीं पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह काढिलें, तें असहाय मातांना आश्रय म्हणून. यशवंत हा अशाच एका आश्रित विधवेचा मुलगा. त्यास त्यांनीं पुढें दत्तक घेतलें. आधीं आईचा आश्रय, मग दत्तक, हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

मीं त्यांना एवढेंच सांगितलें: मूल किती दिवसांत मिळेल, हें मागाहून विचारा; आईला किती दिवस मिळाले, हें आधीं विचारा.