चौतीस की छत्तीस?

सराव पाठ संपला की पाठाच्या वहीत निरीक्षकांचा शेरा येतो. ‘फलकलेखन सुबक. प्रस्तावना परिणामकारक. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचावा.’ छात्राध्यापकाला त्यातून स्वतःबद्दल पुष्कळ कळतं. मुलांना काय आलं, याचा मात्र पत्ता लागत नाही. ‘समजलं का रे?’ या प्रश्नाला वर्गातून येणारा लांबलचक ‘होऽऽ’ हाही पुरावा नव्हे. परीक्षक मागे बसलेले असताना तर नाहीच. पाहुण्यांसमोर आपल्या नव्या बाईंची लाज राखायची, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही.

2014च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतल्या आंतरवासितेसाठी किमान 20 आठवडे ठरले. त्यामुळे वेळ नाही, ही सबब आता फारशी चालत नाही. मोजण्याची रुळलेली वाटही सगळ्यांना ठाऊक आहे: पूर्वचाचणी, पाठ, उत्तरचाचणी, सरासरी, आलेख, अहवाल. सरासरी बहुतेक वेळा वाढते. तोच पेपर पुन्हा दिल्यावर ती वाढली नाही तरच नवल. शिवाय पहिल्या दिवशी कुणी तापातून उठलेलं असतं, कुणाचं लक्ष खिडकीबाहेर असतं; तळाला गेलेली अशी मुलं कुणी न शिकवताही दुसऱ्या खेपेला थोडी वर येतात. शेजारच्या तुकडीला याच दोन चाचण्या दिल्या, तर आपल्या श्रेयातला बराच भाग गळून पडेल. म्हणूनच ते करावं.

पण खरी मेख पेपर काढण्यात आहे. हातच्याची वजाबाकी दुसरी-तिसरीत शिकवून झालेली असते, तरी पाचवीतही ती अनेकांची कच्ची असते. समजा, 52 वजा 27 हे गणित दिलं आणि दोन मुलांनी 35 लिहिलं. दोघांनाही शून्य. पहिल्याने दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले. हातचा म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नाही. दुसऱ्याने हातचा घेतला, बारातून सात काढले, फक्त दशकातला एक कमी करायला विसरला. दोघांच्या समजेत जमीनअस्मानाचं अंतर, पण उत्तर तेच, कारण गणित काढणाऱ्याने आकडे न पाहता निवडले. त्याऐवजी 53 वजा 27 दिलं असतं, तर पहिल्याचं उत्तर 34 आलं असतं, दुसऱ्याचं 36. अशा चुकांची शिस्तवार छाननी ब्राउन आणि बर्टन यांनी 1978मध्ये केली होती. मूल बहुधा वाटेल ते ठोकून देत नाही, चुकीचा का होईना पण एक नियम पाळतं, हे त्यातून दिसलं.

आता पाठापूर्वी 34 लिहिणारी मुलगी पाठानंतर 36 लिहू लागली, तर? गुणपत्रकात आधीही शून्य, नंतरही शून्य. माझ्या मते त्या आठवड्यातलं छात्राध्यापकाचं सगळ्यात मोठं यश तेच आहे, आणि सरासरीत ते कुठेही दिसणार नाही. उत्तरपत्रिकांवर गुणांबरोबर चुकीचा प्रकारही टिपला, तरच ते हाती लागेल. वही समोर ठेवून ‘हे कसं केलंस, सांग बरं’ एवढं विचारलं तर आणखी कळेल.

जॉन हॅटी यांनी 2009मध्ये 800हून अधिक संशोधन-संकलनांचा आढावा घेऊन 0.40 हा परिणामाचा आकडा चर्चेत आणला. सरासरीतला फरक भागिले प्रमाण विचलन, इतकं ते सूत्र सोपं. सोपं आहे म्हणूनच त्याचा मोह पडतो. पण तीसेक मुलांचा एक वर्ग आणि एका घटकाची चाचणी यांवरून काढलेला 0.60 अहवालात शोभून दिसतो, इतकंच. वर्गशिक्षकांनी मधल्या काळात काय घेतलं, शिकवणीत काय झालं, हे त्यात मिसळलेलंच असतं.

त्यापेक्षा उत्तरचाचणीनंतर तीन-चार आठवड्यांनी, न सांगता, फळ्यावर 61 वजा 38 लिहावं. हा घटक तोवर मागे पडलेला असतो. निकाल बहुधा खाली येतो आणि पुन्हा 37 लिहिणारी मुलं भेटतात. तो आकडा अहवालात घालायला छात्राध्यापक कचरतात, कारण त्याने आपले गुण जातील अशी भीती असते. भीती खोटी म्हणवत नाही. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनीच ‘महिन्यानंतर किती उरलं आणि तुम्ही मग काय केलंत?’ असं विचारायला सुरुवात केली, तर अहवालात ते पान आपोआप येऊ लागेल.