न हरणारा नायक



२०१९ साली ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर कमावले. त्याच मालिकेतला ‘द मार्व्हल्स’ २०२३ साली २० कोटींच्या आसपासच थांबला. महाशक्तिमान नायकांचा लोकांना कंटाळा आला, असे म्हणतात. तोच तो साचा, हे एक कारण खरेच. पण आपण थोडे खोल जाऊ.

या मालिकेत निम्मी जीवसृष्टी नाहीशी होते आणि पुढच्याच ‘अ‍ॅव्हेंजर्स’ सिनेमात परत येते. ज्याचे कायमचे काहीच जात नाही, त्याला शूर कसे म्हणायचे? संत थॉमस अक्विनास धैर्याची कसोटी मरणाच्या भयापुढे लावतात. हल्ला करण्यापेक्षा संकटात टिकून राहणे, हे ते धैर्याचे मुख्य काम मानतात. ‘एंडगेम’मध्ये आयर्न मॅन स्वतःचा जीव देतो, तिथे प्रेक्षकांचे डोळे पाणावले, ते उगीच नव्हे.

आपल्या मुदखेड जंक्शनच्या रुळांवर पावसाळ्यात रात्री गस्त घालणारा गँगमन पाहा. साप-विंचवाचे भय, गाडीचे भय, घरी लेकरे. तरी तो चालतो, म्हणून गाडीतले प्रवासी निवांत झोपतात.

मुलांना सिनेमा जरूर दाखवू. घरी आल्यावर मात्र दोन प्रश्न विचारू : या नायकाने काय गमावले? आणि भीती वाटत असूनही रोज कामावर जाणारे आपल्या घरात, आपल्या गल्लीत कोण आहे?