मूर्ती, शिल्प आणि मधला विधी

कलादालनातला गणपती आणि देव्हाऱ्यातला गणपती एकाच मातीचे, एकाच हातचे असू शकतात. तरी एकापुढे किमतीची चिठ्ठी असते आणि दुसऱ्यापुढे निरांजन. घडवलेली वस्तू देव केव्हा होते आणि झाल्यावर तिच्यात काय बदलते, हा प्रश्न मूर्तिपूजेइतकाच जुना आहे. शिल्पांची प्रदर्शने भरू लागल्यावर तो नव्याने समोर आला.

घडवून पूर्ण झाली म्हणून मूर्ती देव झाली, असे शास्त्र मानत नाही. त्यासाठी प्राणप्रतिष्ठा लागते. घरच्या पार्थिव गणपतीत चतुर्थीला मंत्रांनी प्राण आणतात. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागची जराशी हलवली की देवत्व संपते. पाण्यात जाते ती माती. पेणच्या कारखान्यांत हे वेगळे शिकवावे लागत नाही. मळलेला शाडू साच्यात बोटांनी दाबून बसवतात, आतून काथ्याने जोड देतात, आणि रंगकाम झाल्यावर अगदी शेवटी डोळ्यांची आखणी होते. तोवर कारागीर मूर्ती मांडीवर आडवी घेतो, उलटी धरतो, सोंड मोडली तर नवी चिकटवतो. त्यात कोणाला पाप दिसत नाही. एका साच्यातून शेकडो गणपती निघतात आणि प्रत्येक घरात त्यातला एक पूर्ण देव असतो. कलाबाजारात याच्या नेमके उलट घडते. कांस्यशिल्पाच्या मोजक्याच प्रती ओततात, प्रत्येकीवर क्रमांक घालतात, आणि प्रती वाढल्या की मोल उतरते.

कर्त्याच्या नावाचेही तसेच. दालनात शिल्पाइतकेच शिल्पकाराला महत्त्व असते. बैठकीवर सही नसेल तर खरेदीदार बिचकतो. देवळात मूर्ती कोणी घडवली हे सहसा कोणी विचारत नाही, आणि स्वयंभू म्हटल्या जाणाऱ्या देवाला तर घडवणारा असणेच अडचणीचे. नेरे, मारुंजी, जांबे या मुळशीतल्या गावांच्या शेजारी हिंजवडीची काचेची कार्यालये उभी राहिली. तरी या साऱ्या मावळपट्ट्यात म्हसोबा म्हणजे बांधावरचा शेंदूर फासलेला तांदळाच, म्हणजे अनघड दगड. त्याला नाक नाही, हात नाहीत, छिन्नीचा घावही नाही. आधुनिक शिल्पकाराने गणपती एका वळणापुरता उरवला तर त्याला अमूर्त म्हणतात. तांदळा त्याच्याही पुढे गेलेला आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले आहेत: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चितारलेली, वाळूची, रत्नाची आणि मनाने कल्पिलेली. या शेवटच्या प्रकाराला शिल्पकाराची गरजच नाही. मूर्तीचे देवत्व घडणीत नसून पुजणाऱ्याच्या कृतीत आहे, असाच या यादीचा अर्थ लावावा लागतो.

म्हणून स्पर्शाचा नियमही दोन्हीकडे उलटा. दालनात ‘हात लावू नये’ अशी पाटी असते, तर पंढरपूरला पायांवर डोके टेकवण्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. त्या स्पर्शाने आणि अभिषेकांनी विठ्ठलमूर्ती झिजली. झीज थांबवायला एकाहून अधिक वेळा वज्रलेप करावा लागला. संग्रहालयात ज्याला नुकसान म्हटले असते, ते देवळात उपासनेचाच भाग ठरते. तरी जपणुकीची काळजी तिथेही सुटलेली नाही.

महाराष्ट्रातल्या आधुनिक शिल्पकारांनी हा पेच आपापल्या परीने हाताळला. गणपतराव म्हात्रे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना 1896 साली त्यांनी प्लॅस्टरमध्ये ‘मंदिरपथगामिनी’ घडवली आणि बॉम्बे आर्ट सोसायटीने तिला रौप्यपदक दिले. त्यांनी देव घडवला नाही, देवळाकडे निघालेली बाई घडवली. भक्ती शिल्पात आली आणि पूजेचा प्रश्न उद्भवलाच नाही. इतकी चतुर सोडवणूक पुढे क्वचित कोणाला साधली. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर (1891–1967) यांच्या घरी गणपती करण्याचा व्यवसाय होता. हात तिथे वळला, तरी त्यांच्या घरच्या संग्रहालयात माणसे, जनावरे, सिमेंटची म्हैस भेटते. तिथे लोक थबकून पाहतात. हात कोणी जोडत नाही आणि तशी अपेक्षाही नाही.

पूजा आणि प्रदर्शन यांतला फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो मुंबईत परळला. 1931 साली रस्त्याचे काम चालू असताना तिथे शिवाची एक प्रचंड शिळा सापडली. ती पाचव्या-सहाव्या शतकातली असावी. मधल्या शिवाच्या वर आणि दोन्ही अंगांनी आणखी शिवरूपे उगवत जातात, खाली वाद्ये घेतलेले गण आहेत, आणि काही भाग अर्धवटच सोडलेला दिसतो. मूर्ती सर्वांगांनी पूर्ण असावी, हा शास्त्राचा आग्रह. तरी भाविकांना ही अपुरी शिळा चालली. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तिचा प्लॅस्टरचा ठसा ठेवला आहे. रूप तेच आहे, पण त्याच्यापुढे कोणी फूल वाहत नाही. मूळ शिळा परळच्या बारादेवीच्या देवळातच आहे.