मागे राहणारा आवाज

संगणकावर संगीत करणाऱ्याला आज कशाचीच वानवा नाही. पाऊस हवा, पाऊस आहे. देवळातली घंटा हवी, तर पितळेच्या, काशाच्या, जवळच्या, लांबच्या घंटांची रांग हजर. एका गाण्यात शंभर ट्रॅक भरले तरी यंत्र कुरकुरत नाही. आणि तरीही पुष्कळदा असं होतं, की थरावर थर चढवून झाल्यावर गाणं ऐकावं तर ते भिंतीवरच्या चित्रासारखं सपाट. आवाज सगळे आहेत, पण आत शिरायला वाट नाही. मग आपण आणखी एक पॅड टाकतो, रिव्हर्ब वाढवतो आणि गाळात अजून खोल जातो.

ही अडचण सॉफ्टवेअरची नाही, समजुतीची आहे. वातावरण ही भर घालण्याची गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. माझं मत उलट आहे. कोणता आवाज मागे राहणार आणि मागे राहून काय करणार, हे ठरतं तेव्हाच वातावरण तयार होतं.

याचा पुरावा हवा असेल तर नृसिंहवाडीच्या घाटावर पहाटे बसावं. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमाजवळचं हे दत्तस्थान. औदुंबराखाली पादुका, समोर नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. काकड आरतीच्या सुमाराला तिथे एकाच वेळी बरंच काही चाललेलं असतं. सगळ्यात खाली पाणी पायरीला लागल्याचा, जवळजवळ ध्यानात न येणारा आवाज. त्याच्यावर ओलेत्याने प्रदक्षिणा घालणाऱ्यांची पावलं आणि पुटपुटणं. मधूनच घंटा. आणि पलीकडच्या काठावरच्या शेतातून कुठल्या तरी मोटारीची घरघर. एवढं असून गोंगाट मात्र नाही. प्रत्येक आवाजाला स्वतःची उंची आहे, स्वतःचं अंतर आहे. पाण्याची सळसळ सगळ्या पट्ट्यात विरळ पसरलेली. पुरुषांच्या आवाजाचा पाया साधारण शंभर ते दोनशे हर्ट्झच्या आसपास. घंटेची टणकार त्याच्या कितीतरी वर. कुणी कुणाच्या अंगावर पडत नाही.

पहाट म्हणण्यालाही कारण आहे. त्या वेळी नदीलगतची हवा गार असते आणि वरची थोडी उबदार. गार हवेत आवाजाचा वेग कमी असतो, म्हणून वर निघालेल्या लहरी परत खाली वाकतात आणि पाण्यावरून लांबवर जातात. दुपारी ऊन चढलं की हेच उलटं होतं, आवाज वर उडून जातो. म्हणजे नदीच्या काठावर दर दिवशी एक मिक्स होतो आणि तो दर तासाला बदलतो.

हेडफोन लावून घाटावरची घंटा नीट ऐकली की अंतर म्हणजे काय ते कळतं. गाभाऱ्यासमोर उभं राहिलं तर आधी टोलाची धार कानात घुसते आणि मग गुंजन मागे रेंगाळतं. घाटाच्या खालच्या पायरीवर उतरलं की ती धार वाटेतच बोथट होते, भिंतींवरून परतलेले आवाज मूळ टोलात मिसळून जातात आणि आपल्यापर्यंत येतं ते बहुतेक गुंजनच. नवशिका माणूस आवाज लांब न्यायचा म्हणून फक्त फेडर खाली ओढतो. त्याने आवाज लांब जात नाही, नुसता लहान होतो. लांब न्यायचा तर त्याची वरची धार कमी करावी लागते आणि मूळ आवाज व त्याचा पडसाद यांच्यातली फट बुजवावी लागते. ती फट रुंद ठेवली तर गाणारा जवळ उभा आहे असं वाटतं. हिशेब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तेव्हा सतरा मीटरवरच्या भिंतीवरून तो सेकंदाच्या दहाव्या भागात परत येतो. रिव्हर्बच्या खिडकीतले ते 'प्री-डिले'चे मिलिसेकंद म्हणजे खरं तर भिंतीपर्यंतची पावलं.

आता हेच दृश्य कुठल्याही जत्रेत आठवून पाहावं. भोंगा लागला की काय होतं? आवाज मोठा होतो ही तक्रार आपण नेहमी करतो, पण नुकसान वेगळंच असतं. भोंगा फक्त मधला पट्टा फेकतो, आणि माणसाचं बोलणं समजतं ते नेमकं त्याच पट्ट्यात. शिवाय जवळचं-लांबचं सगळं एकाच तोंडातून, एकाच ताकदीने बाहेर पडतं. पुजाऱ्याचं पद, सूचना, हरवलेल्या मुलाचं नाव, सगळं एका अंतरावर. डॉल्बीच्या भिंतीसमोर तर खालचा पट्टा छातीवरच येऊन बसतो आणि जड आवाज आपल्या वरच्या आवाजांना गिळतो, हा कानाचाच नियम आहे. आमचे पुष्कळसे घरगुती मिक्स हे भोंग्याचेच भाऊबंद असतात. सगळे ट्रॅक पुढे, सगळे उजळ, सगळे महत्त्वाचे.

मागे राहणं ही केवळ नम्रता नव्हे, ते एक कौशल्य आहे. याचा सगळ्यात जुना धडा वाडीपासून वीसेक किलोमीटरवर मिरजेत मिळतो. या एवढ्याशा टापूने आपल्या कानाला किती दिलं! पंचगंगेपलीकडच्या कुरुंदवाडात १८७२ साली विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले आणि गाणं शिकले ते मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ पुढे मिरजेतच स्थायिक झाले. आणि त्याच गावात, एकोणिसाव्या शतकात, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंबोरे करू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोऱ्याला चार तारा. पंचम, दोन जोड, खर्ज. याहून कमी सामग्रीत वातावरण उभं करणारं दुसरं वाद्य मला माहीत नाही. सगळी करामत घोडीवर आहे. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर टेकत टेकत थरथरते. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात, केसभर पुढे, केसभर मागे. एका ठिकाणी आवाज बंद, कोरडा. किंचित पुढे, नुसती किरकिर. आणि मध्ये कुठे तरी तो एकदम खुलतो, तार छेडल्यावर लगेच नव्हे तर क्षणभराने फुलत जातो. ही जवारी. खर्ज नीट लागला असेल तर कुणीही न छेडलेला गंधार आतून ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू म्हणतो. तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूवर ज्यांची गाठ पडते ते उपस्वर एरवी उठू नयेत, पण तंबोऱ्यात आणि वीणेत ते उठतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ सालच्या निबंधात दाखवलं.

इथे थर आहेत, पण ते एकावर एक ठेवलेले नाहीत. एकाच आवाजाच्या पोटात आहेत. सिंथेसायझरवर फिल्टर सावकाश उघडत नेऊन आपण जे शोधतो, ते जवारी दोऱ्याच्या एका सरकण्यात करते. वाडीची बासुंदी दाट होते ती दूध ओतत राहून नव्हे, आटवून. साय धरते तीही आटतानाच.

तंबोऱ्याचा दुसरा धडा पुनरावृत्तीचा. गवयाच्या मागे दोन तंबोरे असतात आणि त्यांची आवर्तनं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून तेच चार स्वर तासभर चालूनही कान कंटाळत नाही. बेंगळूरुच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला आणि एकट्याने रियाज करणाऱ्या असंख्य लोकांची सोय झाली, यात वाद नाही. पण ठरलेलं आवर्तन हुबेहूब परतू लागलं की थोड्या वेळाने कान सांधा ओळखतो, आणि सांधा ओळखला की वातावरणाची जादू संपते. ब्रायन ईनो यांनी १९७८ साली 'म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स' करताना नेमकी हीच पाचर काढली. वेगवेगळ्या लांबीच्या टेपची वेटोळी एकत्र फिरवली, म्हणजे तेच स्वर दर वेळी नव्या जोडीने भेटतात. दोन तंबोरेच ते, टेपवर बसवलेले.

हे साम्य योगायोगाचं नाही. अब्दुल करीम खाँचे आप्त अब्दुल वहीद खाँ, त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ. ते १९७० साली न्यूयॉर्कला गेले आणि ला मॉन्टे यंग, टेरी रायली यांच्यासारख्या संगीतकारांनी त्यांच्यापुढे शिष्यत्व पत्करलं. एकच स्वर दीर्घकाळ धरून त्याच्या आत काय घडतं ते ऐकायचं, ही यंग यांची वाट होतीच. किराण्याच्या तालमीने ती पक्की केली आणि ईनो त्या वाटेचे ऋण मानत आले. त्यामुळे 'ॲम्बियंट' हा पाश्चात्य प्रकार आपण आयात केला असं म्हणणाऱ्याने मिरजेला एकदा जाऊन यावं. आणि 'हे सगळं आमच्याकडे आधीच होतं' म्हणून छाती फुगवणाऱ्यानेही जावं, कारण आपण तंबोरा मागे ठेवला तो बहुधा त्याच्याकडे लक्ष न देण्यासाठी. त्याला समोर बसवून ऐकलं ते इतरांनी.

मागे राहण्याचं हेच कौशल्य सिनेमातही दिसलं. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेल्या प्रभात कंपनीने पुढे पुण्यात १९३७ साली 'कुंकू' काढला. त्यात दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत वापरलंच नाही. गाण्यांनासुद्धा दृश्यातल्याच वस्तूंचा आधार. बाकी घरातले आवाज आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या घड्याळाची टिकटिक. घुसमट दाखवायला व्हायोलिनं लागली नाहीत. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि हाती आलेलं नवं साधन न वापरण्याचा निर्णय घेण्याची हिंमत तेव्हा कुणीतरी दाखवली, हे मला त्या चित्रपटातलं सगळ्यात आधुनिक वाटतं.

भोवतालचे आवाज असे वापरण्यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. वाडीची घंटा मायक्रोफोनमध्ये भरून आपल्या गाण्यात टाकली, तर ती सजावटच नाही का? घाटावर ती घंटा काही सांगते. आरती सुरू झाली, कुणीतरी दर्शनाला आलं. गाण्यात ती फक्त 'मूड' सांगते. बाजारात मिळणाऱ्या सॅम्पलच्या थैल्यांत हेच झालेलं असतं, आवाज आहेत पण त्यांची कामं काढून घेतलेली आहेत. यावर रेकॉर्डिंग बंद करणं हा उपाय मला पटत नाही. मी आवाज उचलतो तेव्हा त्याच्या शेजारचाही उचलतो. घंटा वाजल्यावर पाखरं उठली असतील तर ती पाखरं कापून टाकत नाही, आणि पावलं आधी व घंटा नंतर असेल तर तो क्रम उलटवत नाही. कुणाच्या मागून कोण आलं, हे नातं टिकलं तर थोडाफार अर्थ टिकतो. पुराच्या दिवसांत तर या नात्यांचीच उलथापालथ होते. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडतं, त्या सोहळ्याला माणसांची झुंबड उडते, आणि पायऱ्या बुडाल्यामुळे त्यांच्यावर आपटणाऱ्या पाण्याचा नेहमीचा आवाज मात्र नाहीसा होतो. त्या दिवसाचं खरं रेकॉर्डिंग करायचं तर हे नसणंही त्यात यायला हवं, आणि ते वेगळ्या ट्रॅकवर कुठून आणणार? ते यायचं तर भोवतालची जागाच मोकळी सोडावी लागते.

म्हणून नवं गाणं हातात घेताना मी आता शेवटून सुरुवात करतो. सगळे ट्रॅक बंद. मग एकेक उघडत जायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, तू गेलास तर बाकीच्यांचं काय बिघडेल? काहीच बिघडत नसेल तर तो जातो, कितीही सुंदर असला तरी. ज्याच्या जाण्याने इतर आवाज अचानक पोरके वाटतात, पण जो असताना त्याच्याकडे लक्ष जात नाही, तो राहतो. असे आवाज एका गाण्यात दोन-तीनच निघतात. वातावरण त्यांच्यावर उभं असतं. बाकीचे आपण स्वतःच्या धीरासाठी घातलेले असतात.