बाहुली आणि बोटं

मोठा ऑर्केस्ट्रा ऐकायचा तर भोपाळकराला बहुधा मुंबईचं एनसीपीए गाठावं लागतं. पूर्वार्धात पियानोचा कॉन्चेर्टो, उत्तरार्धात बॅलेचं संगीत, असा कार्यक्रम असला की मध्यंतरात एखादा जाणकार हमखास म्हणतो, "चला, ऐकण्यासारखं झालं. आता नुसतं नाचाचं संगीत!"

हे मत खटकतं. चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजला 1875 साली, आणि 'स्वान लेक' हा बॅलेही त्याने त्याच वर्षी लिहायला घेतला. मग एक खानदानी आणि दुसरं पदरी ठेवलेलं, हे ठरवलं कुणी? आपल्याकडे तबलाही साथीचाच होता. आज एकट्या तबल्याला लोक तासभर बसतात.

स्वतःसाठी वाजणारं संगीत आणि दुसऱ्याला हलवणारं संगीत, हा भेद मात्र खरा वाटतो. पण संगीतकार स्ट्राविन्स्कीने तोही पुसला. 1910 साली तो पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी एक रचना करत होता. डोळ्यांपुढे होती अचानक जिवंत होऊन वादकांना छळणारी बाहुली. बॅले-निर्माता डियागिलेव्हने त्याला त्या रचनेचाच बॅले करायला लावला आणि 1911 साली पॅरिसमध्ये 'पेत्रुश्का' रंगमंचावर आला.

अशी बाहुली भोपाळच्या ओळखीची आहे. शांती बर्धन यांनी 1952 साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप उभा केला. दोनच वर्षांत ते गेले. गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांनी तो जगवला, ग्वाल्हेरला नेला, पुढे भोपाळला आणला. या ट्रूपच्या 'रामायणा'त माणसं कठपुतळ्या होतात. तोंडावर मुखवटा, कोपर ताठ, मान झटक्यात वळते, पाऊल ठेक्यावर पडतं आणि तिथेच थिजतं. ठेका थांबला तर ते अंग लुळं पडेल. अंग नसेल तर ठेकाही पोरका.

इथे जाणकाराचं अर्धं म्हणणं मान्य करावं लागतं. बॅलेचं संगीत शरीर मागतं.

पण कॉन्चेर्टो काय वेगळं मागतो? सभागृहात डावीकडच्या खुर्च्यांसाठी रसिक धडपडतात ते पियानिस्टची बोटं दिसावीत म्हणून. तिथे बोटं नाचतात, इतकंच. दोन्ही संगीतं पाहायचीही आहेत.

हे दाखवायला भोपाळच्या भारत भवनमधल्या 'अंतरंग' सभागृहात शंभर वादक बसवायची गरज नाही. 1921 साली स्ट्राविन्स्कीने आर्थर रुबिनस्टाइनसाठी 'पेत्रुश्का'तले तीन भाग एकट्या पियानोवर उतरवले, भल्याभल्या वादकांचा घाम काढणारे. आधी ते आणि लगेच 'रामायण', अशी एक संध्याकाळ भोपाळमध्ये व्हायलाच हवी.